टीव्हीचा आवाज बंद करून बघा

या वेळच्या टपालात चार पत्रं अशी निघाली की चौघांचीही काळजी एकच आहे. वर्गात टीव्ही आला, घरात मोबाइल आला, पण मूल शिकतंय का? म्हणून ती एकत्र घेते. सुरगाणा, दिंडोरी आणि शेवटची काही वर्षं नाशिक तालुका, अशी बत्तीस वर्षं मी शाळेत शिकवलं. जे सांगते ते त्या वर्गांतलं आहे.

प्रश्न : नमस्कार बाई. आमच्या शाळेला गावाने लोकवर्गणीतून मोठा टीव्ही घेऊन दिला. मी सहावी-सातवीला शिकवतो. मुलं व्हिडिओ टक लावून बघतात, पण दुसऱ्या दिवशी विचारलं की पाटी कोरी. पालक विचारतात, टीव्हीचा काय उपयोग झाला? माझं कुठे चुकतंय?
– एक शिक्षक, पेठ तालुका

उत्तर : सर, 'टक लावून' हे तुमचे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. मुलं गप्प बसून बघत असली की आपला जीव भांड्यात पडतो. माझाही पडायचा.

दिंडोरी तालुक्यात असताना एकदा प्रोजेक्टर मिळाला आणि मी प्रकाशसंश्लेषणाची फिल्म दाखवली. संपल्यावर विचारलं, झाड अन्न कशापासून बनवतं? सगळा वर्ग एका सुरात : पाणी, कार्बन डायऑक्साइड, सूर्यप्रकाश! मी खूश. शाळेच्या कुंपणापलीकडे द्राक्षबाग होती. सहज तिकडे बोट दाखवून म्हटलं, "ही वेल लावली तेव्हा काडीएवढी होती. आता खोड मनगटाएवढं झालंय. एवढं लाकूड आलं कुठून?" ज्याच्या घरची ती बाग, तोच मुलगा उठला. "मातीतून, बाई. आम्ही खत घालतो ना." आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. दोन मिनिटांपूर्वी बरोबर उत्तर देणारी हीच मुलं! फिल्म त्यांच्या तोंडावर आली होती, मनातलं मात्र जागचं हललं नव्हतं.

त्या दिवशी पुढचा धडा घेतलाच नाही. फळ्यावर सतराव्या शतकातल्या एका माणसाचे आकडे लिहिले. ब्रुसेल्सच्या व्हॅन हेल्मॉन्टने सुमारे ९० किलो कोरडी माती तोलून कुंडीत भरली, तिच्यात सव्वादोन किलोचं वाळुंजाचं रोप लावलं आणि ५ वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं जवळजवळ ७७ किलोचं. माती पुन्हा वाळवून तोलली, तर कमी झाली होती अवघी ५७ ग्रॅम. वर्ग चिडीचूप. मग मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडायची नाही, ती म्हणाली, "खरंच की बाई. झाडाने माती खाल्ली असती तर बुंध्याशी खड्डा नसता का पडला?"

हे वाक्य कुठल्याही फिल्ममध्ये नव्हतं. गंमत म्हणजे हेल्मॉन्टलाही पूर्ण उत्तर सापडलं नाही. त्याला वाटलं, सगळं झाड पाण्यातूनच झालं. हवेचा वाटा त्याच्या लक्षात आला नाही. वाळलेल्या लाकडात वजनाने साधारण निम्मा कार्बन असतो आणि तो येतो हवेतून. हे सांगितल्यावर मी तीच फिल्म परत लावली. या वेळी मुलं टक लावून बघत नव्हती. मध्येच ओरडत होती, "बाई, थांबवा, थांबवा, ते पानाचं परत दाखवा."

तेव्हा सर, टीव्ही सुरू करायच्या आधी एक प्रश्न विचारा. त्याचं उत्तर प्रत्येकाने वहीत लिहायचं, चुकलं तरी खोडायचं नाही. व्हिडिओ दोन-तीन मिनिटांपेक्षा जास्त सलग चालवू नका. आणि तुमच्याकडे तर मी आणखी एक नक्की करीन : पहिल्यांदा आवाज बंद ठेवून दाखवा. तुमच्याकडची बरीच मुलं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलत असतील. व्हिडिओतली पुस्तकी मराठी त्यांच्या कानावरून वाहून जाते आणि आपल्याला वाटतं, मुलांना विषय कळला नाही. चित्र बघून काय चाललंय ते त्यांनाच त्यांच्या बोलीत सांगू द्या. सुरगाण्यात मला हे उशिरा उमगलं, त्याची चुटपुट अजून आहे. पहिली दोन वर्षं मी ज्या मुलांना 'मंद' समजत होते, ती घरच्या भाषेत माझ्यापेक्षा नेमकं बोलत होती. त्यांनी बोलून झालं की मग आवाज लावा. नवे शब्द तेव्हा त्यांना कळलेल्या गोष्टीवर जाऊन बसतात.

शेवटी टीव्ही बंद करून, पुस्तक मिटून, जे आठवतं त्याचं चित्र काढायला लावा. वीज आणि रेंज यांचा भरवसा नसतो, म्हणून लागणारे व्हिडिओ रेंज असेल तिथे आधीच उतरवून ठेवा. आणि गावकऱ्यांना एके दिवशी वर्गात बोलवा. मुलांनीच त्यांना समजावून सांगू दे.

प्रश्न : नातीच्या पाठ्यपुस्तकात काळ्या ठिपक्यांचा चौकोन छापलेला असतो. त्याचं नेमकं काय करायचं? मी ७१ वर्षांचा आहे, स्मार्टफोन जेमतेम जमतो.
– एक आजोबा, नाशिक रोड

उत्तर : काका, त्याला क्यूआर कोड म्हणतात. फोनमध्ये 'दीक्षा' नावाचं ॲप घ्या. केंद्र सरकारने ते २०१७ मध्ये सुरू केलं, पैसे पडत नाहीत. त्यातून कोडवर कॅमेरा धरला की त्या पाठाला जोडलेलं साहित्य उघडतं. पाठ्यपुस्तकाला असा कोड जोडायची खटपट आपल्याच सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी केली आणि २०२० मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. एका शाळेच्या चार भिंतींत सुरू झालेलं काम कुठवर जातं, हे बघून मला फार बरं वाटतं.

तुम्हाला फोन जेमतेम जमतो, हे उलट चांगलंच आहे. नातीला म्हणा, "मला यातलं काही कळत नाही, तू समजाव." आणि खरंच कळेपर्यंत विचारत राहा. रोज दहा मिनिटं पुरेत.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. गृहपाठाचा प्रत्येक प्रश्न तो मोबाइलवर एआयला विचारतो. वही बघितली तर सगळं बरोबर, सुवाच्य. घटक चाचणीत मात्र वीसपैकी सहा. विचारलं तर म्हणतो, "आई, मला सगळं येत होतं गं, पेपरात आठवलं नाही." फोन काढून घेऊ का?
– एक आई, इंदिरानगर

उत्तर : ताई, तो खोटं बोलत नाही. त्याला खरोखरच येतंय असं वाटत होतं. तयार उत्तर समोर असतं, वाचलं की पटतं, आणि पटलं म्हणजे आलं असा समज होतो. हे मोठ्यांचंही होतं.

अमेरिकेतल्या रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मी पालकसभेत नेहमी सांगायचे. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटाने एकदाच अभ्यासला आणि नंतर तीन वेळा, उतारा न बघता, आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते : त्यांना ८३ टक्के आठवलं, दुसऱ्यांना ७१. आठवड्याने पारडं फिरलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ६१. वाचणाऱ्यांची पाच मिनिटांनंतरची खुशी आणि तुमच्या मुलाच्या वहीतलं सुवाच्य उत्तर, दोन्ही एकाच जातीची.

फोन काढून घेऊ नका. हिसकावलं की तो मित्राच्या फोनवर करेल आणि तुम्हाला कळणारही नाही. क्रम बदला. आधी दहा मिनिटं कोरा कागद. प्रश्न वाचायचा, पुस्तक बंद, फोन स्वयंपाकघरात ओट्यावर, तुमच्याजवळ. जे येईल ते लिहायचं, मोडकंतोडकं चालेल. जिथे अडला तिथे त्यानेच पेन्सिलने रेघ मारायची. मग फोन द्या. आता त्याने एआयला उत्तर मागायचं नाही, असं लिहायचं : "हे माझं उत्तर आहे. बरोबर उत्तर सांगू नकोस. मी कुठे चुकलो ते ओळखता येईल असे एकेक प्रश्न मला विचार." मी शेजारच्या मुलीकडून हे करून घेतलं. पहिल्या दिवशी ती वैतागली, रडकुंडीला आली. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ती स्वतःच रेघ मारून म्हणाली, "आजी, मला इथपर्यंत येतं, इथून पुढे नाही." आपलं कुठे अडलंय ते मुलाला सांगता येणं, याहून मोठी गोष्ट मी वर्गात फार थोड्या वेळा पाहिली.

आणखी एक. हे एआय चुकीचं उत्तरही तितक्याच ठामपणे देतं. सनावळ्या, व्याख्या, गणिताच्या पायऱ्या पाठ्यपुस्तकाशी ताडून बघायची सवय त्याला लावा. चूक सापडली की तुम्हाला येऊन दाखवायची, असं ठरवा. मुलांना मोठ्यांच्या चुका काढायला आवडतं, यंत्राच्या तर फारच.

ताई, सहा मार्कांवरून त्याला बोलू नका. पुढच्या चाचणीत नऊ पडले तर ते नऊ त्याचे स्वतःचे असतील.

प्रश्न : बाई, प्रकल्पवह्यांचा कंटाळा आलाय. मुलं इंटरनेटवरून उतरवतात, रंगीत प्रिंट काढून चिकटवतात, पालक सजवून देतात. खरा प्रकल्प कसा द्यायचा? शहरातली शाळा आहे, शेत नाही, जंगल नाही.
– एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : अहो, तुमच्याकडे गोदावरी आहे! जे इंटरनेटवर आयतं मिळतं तेच आपण विचारतो, म्हणून मुलं उतरवतात. आपल्याच गावात, याच पावसाळ्यात घडणारं काहीतरी विचारा.

आम्ही सातवीच्या वर्गाला विचारलं : गंगापूर धरणातून किती पाणी सोडलं की गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला लागतं? नाशिककरांना काही सांगायला नको. पूर किती आला हे आपण पिढ्यान्‌पिढ्या मारुतीच्या पायांवरून, कमरेवरून, गळ्यावरूनच सांगतो. मुलांनी आजीकडून हे ऐकलेलं होतं. मोजून कुणी बघितलं नव्हतं.

पहिली अडचण आली 'क्युसेक' शब्दाची. बातमीत रोज असतो, अर्थ कुणालाच ठाऊक नाही. सेकंदाला एक घनफूट, असं सांगून डोळ्यांत काही उजळलं नाही. म्हणून एक फूट लांब, रुंद, उंच असं पुठ्ठ्याचं खोकं केलं, आत प्लास्टिकचा कागद लावला आणि मुलं लिटरच्या बाटलीने भरत बसली. खोकं फुगायला लागलं तशी चौघांनी चारी बाजूंनी धरलं. अठ्ठावीस बाटल्या गेल्या, एकोणतिसावीतलं थोडंसं. २८.३ हा आकडा मी फळ्यावर नंतर लिहिला, तो त्यांनी आधीच हाताने भरलेला होता. मग एकजण मोठ्याने हिशेब करू लागला : पाच हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला १,४१,५०० लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर सेकंदाला चौदा टँकर! वर्गातल्या काही मुलांच्या वस्त्यांवर उन्हाळ्यात टँकर यायचा. ती मुलं बराच वेळ गप्प होती.

एका मुलीचे वडील रोज सकाळी भाजी घेऊन पंचवटीत जायचे. ते रस्त्यावरूनच, रोज एकाच जागी उभं राहून फोनवर मारुतीचा फोटो काढून पाठवायचे. मुलांनी फोटोची तारीख, बातमीतला धरणाचा विसर्ग आणि होळकर पुलाजवळचा विसर्ग हे तीन रकाने शाळेच्या संगणकावर तक्त्यात भरले आणि त्याचा आलेख काढला. संगणक खऱ्या अर्थाने उपयोगी पडला तो इथे. हाताने एवढे आकडे मांडायला आठवडा गेला असता.

आणि मग भांडण लागलं. काही दिवशी पुलाजवळचा आकडा धरणाच्या आकड्यापेक्षा मोठा होता. एकाचं म्हणणं, पेपरात चुकीचं छापलंय. दुसरा म्हणाला, धरणातून सोडलेलंच पाणी खाली येणार, वाढेल कसं? नाल्याकाठी राहणारा एक मुलगा उठून म्हणाला, "आमच्या घरामागून जातं ते पाणी कुठे जातं मग?" तेव्हा त्यांनी शहरात पाऊस पडलेले दिवस आणि कोरडे दिवस वेगळे केले. धरणाखालच्या भागात जोराचा पाऊस असलेल्या दिवशी दोन आकड्यांत अंतर मोठं होतं. पाठ्यपुस्तकातलं 'पाणलोट क्षेत्र' त्या दिवशी त्यांच्या घरामागच्या नाल्यातून वाहत आलं. याच्या प्रिंट कुठून काढणार?

पूर असताना मुलांना घाटावर पाठवू नका, हे पालकांकडून लिहून घ्या. फोटो मोठ्यांनीच, लांबून काढायचे. मूल्यमापनात सजावटीला मार्क ठेवू नका. मुलाने कुठला प्रश्न विचारला आणि आकडे पाहून स्वतःचं कुठलं मत बदललं, त्याला ठेवा. पालकांचे थर्माकोल आणि चमकी आपोआप थांबतील.

जूनमध्ये शाळा उघडली की मोठ्या पावसाची वाट बघू नका. पाणी मारुतीच्या पायांपासून लांब असतानाचा एक फोटो आधी मिळवा, तारीख टाकून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा आणि त्याखाली प्रत्येक मुलाचा अंदाज लिहून घ्या : किती क्युसेकला गुडघा?