काजळीला हात लावू नकोस

पोरी,

तुझी मेल वाचली. इंग्लंडात केंटमधल्या त्या जुन्या फार्महाउसच्या मालकीणबाईंना माळ्यावर बेडरूम हवी, वासे मधाच्या रंगाचे हवेत, आणि तू सँडब्लास्टिंगचं, म्हणजे वाळूचा झोत मारून लाकूड घासून काढण्याचं, कोटेशन हातात धरून मला विचारतेस, काय करू? काही करू नकोस. काजळीला हात लावू नकोस.

तुझाच फोटो नीट बघ. मधले वासे काजळीनं काळेकुट्ट, टोकांकडचे नुसतेच जुनाट. म्हणजे मधलं दालन जमिनीपासून आढ्यापर्यंत उघडं होतं. शेकोटी जमिनीवर, धुराडं नाही. धूर छपरातून वाट काढत जायचा. विटांचं धुराडं नि मधला मजला बऱ्याच घरांत सोळाव्या शतकात आला आणि काळे वासे वर माळ्यावर अडकले. सिंगलटनच्या जुन्या घरांच्या म्युझियममधलं ‘बेलीफ’ (Bayleaf) हे केंटचं फार्महाउस पाहिलंस ना? बाऊ बीचच्या जलाशयाखाली जाणार म्हणून 1968-69मध्ये सांधे सोडवून उतरवलेलं, मग तिथे पुन्हा उभारलेलं. त्या दालनात उभी राहून वर बघ आणि मग बोल.

मी एकदा वासे ब्लास्ट करून घेतलेत. संध्याकाळी सुंदर दिसत होते, खोटं कशाला सांगू? पण ओकच्या मऊ रेषा खरवडल्या गेल्या, सांध्यांजवळ सुतारानं कोरलेले रोमन आकडे पुसट झाले, आणि तिथे उघडं दालन होतं हे आज मी कुणाला दाखवू शकत नाही. त्या काळी सगळेच करायचे. मालकाला घाई होती, मशीन दारात येऊन उभं होतं... असो. सही माझीच होती.

परवानगीचं मला सांगू नकोस. लिस्टेड घर आहे, म्हणजे कायद्यानं जपलेलं, न विचारता केलंस तर गुन्हाच. पण विचारून घालवलेली काजळी तरी कुठे परत येते?

बाईंना उजेड हवाय ना? कुडाच्या भिंतींना चुना दे. (मी कूडच म्हणतो. हेझलच्या कामट्या, माती, शेण, गवत. दुसरं काय आहे ते?) सिमेंट मात्र नको, आतली ओल कोंडते नि लाकूड कुजतं. वाशांवरची सुटी धूळ मऊ ब्रशनं झाड, बस्स.

शनिवारी टॉर्च घेऊन वर चढ. दालन जिथे संपतं तिथली कैची, म्हणजे छप्पर तोलणारी लाकडी चौकट, शोध. एक बाजू काळी, दुसरी स्वच्छ असं काही दिसतं का बघ. दोन्ही बाजूंचे फोटो पाठव. तोवर कोटेशनला उत्तर देऊ नकोस.