मम्प्सिमस म्हणजे नुसता हेकेखोर नव्हे

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या अनुवादाचं प्रकरण वाचलं. म्हाताऱ्या कारकुनाला लावलेल्या 'मम्प्सिमस' या इंग्रजी शब्दापाशी अडलीस आणि 'हेकेखोर' लिहून पुढे गेलीस. हा शब्द एका गोष्टीतून आलाय, ती आधी ऐक.

लॅटिन मिस्सामध्ये, म्हणजे कॅथलिक उपासनेत, प्रसाद घेतल्यावर पाद्री म्हणतो, 'क्वोद ओरे सुम्प्सिमुस', म्हणजे 'जे आम्ही मुखाने ग्रहण केलं'. एक पाद्री 'सुम्प्सिमुस'च्या जागी 'मुम्प्सिमुस' म्हणायचा. त्याला लॅटिनमध्ये काडीचा अर्थ नाही. कुणीतरी चूक दाखवली, तर हा उलट म्हणाला, तुमच्या नव्या सुम्प्सिमुसपायी माझा जुना मुम्प्सिमुस सोडणार नाही! डच विद्वान इरास्मसने १५१६ मध्ये एका पत्रात हा पाद्री आणला. पुढच्याच वर्षी इंग्रज मुत्सद्दी रिचर्ड पेसने त्याला इंग्लिश ठरवून, तीस वर्षांच्या सवयीसकट, पुस्तकात छापला.

इरास्मसला तो तेव्हाच का आठवला? त्याच वर्षी त्याने बायबलचा ग्रीक नवा करार आपल्या लॅटिन भाषांतरासह काढला होता आणि जुन्या पाठाचे अभिमानी त्याच्यावर खवळले होते. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीने मात्र १५४५ च्या नाताळाआधी पार्लमेंटमध्ये दोन्ही बाजूंना झोडपलं: काही जण जुन्या मम्प्सिमसला चिकटलेत, काही नव्या सम्प्सिमसच्या नादी लागलेत.

आता तुझा 'हेकेखोर'. हेकेखोर माणूस बरोबरही असू शकतो. मम्प्सिमस चुकलेलाच असतो, आणि त्याला ते दाखवून झालेलं असतं. (अशा चुकीलाही मम्प्सिमसच म्हणतात.)

मी मुद्रितं तपासायचो तेव्हा कित्येक वर्षं 'सहस्र' खोडून 'सहस्त्र' करत होतो. 'स्त्री' डोळ्यांत बसलेली, दुसरं काय! एकदा एका लेखकाने कोश उघडून पुढ्यात ठेवला. मी म्हणालो, "लोक असंच लिहितात." तोवरची ती साधी चूक होती. हे वाक्य तोंडून गेलं आणि मी त्या पाद्र्याच्या पंगतीला जाऊन बसलो.

तेव्हा तुझ्या उताऱ्यातल्या म्हाताऱ्या कारकुनाला त्याची चूक आधी कुणी दाखवलीय का, ते मागच्या पानांत शोध. दाखवली असेल, तर 'मम्प्सिमस' तसाच ठेव आणि तळटिपेत पाद्री दोन ओळींत आटप. नसेल, तर शब्द मूळ लेखकानेच सैल वापरलाय. 'हेकेखोर' राहू दे.