अकरा दिवस हवेतच

प्रश्न : पट्टेरी शेपटीचा गॉडविट अलास्काहून न्यूझीलंडपर्यंत न थांबता उडतो म्हणे. दमला की समुद्रावर का बसत नाही?

उत्तर : बसणार कसा? हा चिखलातला पक्षी. बदकासारखं लाटांवर विसावणं त्याला जमत नाही, म्हणून सगळी तयारी आधीच करावी लागते. उन्हाळ्याच्या शेवटी तो अलास्काच्या किनाऱ्यावर इतकं खातो की निघताना निम्म्याहून जास्त वजन चरबीचंच असतं. मग वाटेत उपयोग नसलेली जठर, आतडी, यकृत चक्क आक्रसतात! मला तर ही गोष्ट अंतरापेक्षाही थोर वाटते. वादळ सरकलं की मागून येणारा वारा पकडून थवे निघतात.

२००७ साली ई-७ नावाच्या मादीने हा प्रवास आठेक दिवसांत केला. २०२२ मध्ये जेमतेम पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियाला पोचलं : १३,५६० किलोमीटर, ११ दिवस.

ओहोटीला दुर्बीण लावून मी यांना तासन्‌तास पाहिलंय. किंचित वर वळलेली चोच मुळापर्यंत चिखलात जाते, डोकं गर्रकन फिरतं आणि लांबलचक किडा ताणला जात बाहेर येतो. चोचीचं टोक चिखलातच वेगळं उघडतं, बाकी चोच मिटलेलीच. मादीची चोच नराहून लांब, त्यामुळे ती जास्त खोलवरचं खाणं काढते.

परतीच्या वाटेवर ते चीन-कोरियामधल्या पीतसागराच्या चिखलपट्ट्यांवर थांबतात. तिथे भराव घालून बरीच जमीन गेली आहे. तिथे पोट भरलं नाही, तर पुढचं उड्डाण कशाच्या जोरावर करायचं?