विहीर बुजवली म्हणजे पाणी स्वच्छ झालं का?

प्रश्न: नमस्कार सर. मिस्टरांच्या नोकरीमुळे आम्ही तीन वर्षांपासून कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यूला राहतो. चिपच्या जुन्या कारखान्यांमुळे इथल्या जमिनीखालचं पाणी खराब झालंय हे इथे आल्यावरच कळलं. मागच्या महिन्यात आमच्या पार्किंगमधल्या दोन तपासणीच्या विहिरी (लोखंडी झाकणाचे बारीक पाइप) मशीन आणून कायमच्या बुजवल्या, विचारलं तर म्हणाले आता गरज नाही. पाणी स्वच्छ झालं म्हणून बुजवल्या की तपासणीच गुंडाळतायत? घरात दोन वर्षांची मुलगी आहे.

उत्तर: ताई, बहुतेक दोन्ही नाही. मिडलफील्ड, एलिस आणि व्हिस्मन या तीन रस्त्यांच्या मधल्या भागात फेअरचाइल्ड, इंटेल, रेथिऑन अशा कंपन्यांचे कारखाने होते आणि तिथून ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे टीसीई नावाचं ग्रीस काढायचं द्रावक जमिनीत मुरलं. हे पाण्यापेक्षा जड असतं, त्यामुळे ते पाण्यावर तरंगत नाही, खाली खाली जात राहतं, मध्ये चिकणमातीचा थर लागला की तिथे अडतं. आता विचार करा, त्याच थरातून एखादी विहीर आरपार गेलेली असेल तर? ती मग खालच्या चांगल्या पाण्यात घाण सोडणारी नळीच होते. सिलिकॉन व्हॅली व्हायच्या आधी तिथे जर्दाळू आणि प्लमच्या बागा होत्या, बागांच्या खोल विहिरी होत्या, पुढे बागा गेल्या, वर इमारती आल्या आणि विहिरी तशाच खाली राहिल्या. म्हणून 1989 मध्ये तिथल्या सफाईचा निर्णय झाला तेव्हा पाणी उपसून शुद्ध करणं, जमिनीत भिंती घालणं याच्यासोबत अशा जुन्या विहिरी शोधून बंद करणं हेही कामात धरलं होतं.

तपासणीच्या विहिरीचंही तसंच आहे. वापर नाही, कुणी बघत नाही, झाकण गाडीखाली तुटलं तर पावसाचं तेलकट पाणी थेट आत. कॅलिफोर्नियाच्या नियमात वर्षभर न वापरलेली विहीर सोडून दिलेली धरतात, पुढे वापरणार आहे हे मालकाने दाखवलं तरच सूट, नाहीतर ती रीतसर नष्ट करावी लागते. रीतसर म्हणजे वरून माती ढकलून नाही हं. आधी खोली मोजतात, आतलं सामान काढतात, मग पाइप उपसून किंवा ड्रिलने खोदून काढतात, नाहीतर त्याला भोकं पाडून दाबाने सिमेंट भरतात, कारण पाइपाच्या बाहेर जी रेती भरलेली असते तिच्यातूनही पाणी खाली उतरतं. सिमेंट किंवा बेंटोनाइटचा (पाण्यात फुगणारी चिकणमाती) गारा तळापर्यंत नळी सोडून खालून वर भरत आणायचा, वरून ओतला तर मध्ये पोकळी राहते.

आता कुठली विहीर बुजवायची, खरा प्रश्न हा आहे. शेजारीशेजारी दोन विहिरी वर्षानुवर्षं सारखाच आकडा देत असतील तर एक काढायला हरकत नाही. पण पाणी ज्या दिशेने वाहतं तिकडच्या कडेची विहीर, जिच्यात आज काहीच सापडत नाही, ती मात्र ठेवलीच पाहिजे. तिचं काम राखणदाराचं आहे. ‘इथे स्वच्छ आहे, बंद करा’ असं कुणी म्हणालं तर मी तरी ते मान्य करणार नाही, कारण उपसा थांबवल्यावर चिकणमातीत अडकलेलं टीसीई हळूहळू परत पाण्यात येतं आणि आकडा पुन्हा चढतो. पिण्याच्या पाण्यासाठी तिथली मर्यादा लिटरला 5 मायक्रोग्रॅम आहे. तुम्ही ईपीएच्या (अमेरिकेची पर्यावरण संस्था) ऑफिसला ईमेल करून दोनच गोष्टी विचारा, या दोन विहिरींचे शेवटचे आकडे काय होते आणि आता आमच्या बाजूला जवळची चालू विहीर कुठली. दर पाच वर्षांनी आढावा होतो, तो कुणालाही बघायला मिळतो.

आणि नळाचं टेन्शन घेऊ नका, शहराचं बहुतेक पाणी सॅन फ्रान्सिस्कोच्या यंत्रणेतून डोंगरातलं येतं, या उथळ थरातलं नाही. विचारायचंच असेल तर हवेचं विचारा, टीसीईची वाफ जमिनीतून घरात शिरू शकते, त्यासाठी 2010 मध्ये तिथे वेगळा निर्णय झालाय. तुमच्या बिल्डिंगची आतली हवा तपासली का, हे घरमालकाला लेखी विचारा. लहान मूल आहे, हे आधी करा.

प्रश्न: आमचं शेत एमआयडीसीला लागून आहे. बोअरचं पाणी पिवळट आणि उग्र वासाचं यायला लागलं म्हणून मोटर काढली. दगडमाती टाकून बुजवू का?

उत्तर: दादा, थांबा. आधी पाण्याचा नमुना तपासून घ्या, एकदा बुजवलं की पुरावाही गेला, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार द्या. उघड्या बोअरमध्ये मुलं पडतात म्हणून सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये सोडून दिलेली बोअर तळापासून जमिनीपर्यंत माती, वाळू, दगडांनी भरायला सांगितलंय, आणि मुलांच्या जिवासाठी ते बरोबरच आहे. पण वाळूदगडातून पाणी झिरपतं. आपल्याकडे केसिंग (बोअरमध्ये घातलेला पाइप) वरच्या मुरुमापुरतंच असतं, खाली काळ्या दगडात उघडं भोक, म्हणजे वरच्या भेगेतलं घाण पाणी खालच्या भेगेत उतरायला वाट मोकळीच. त्यामुळे तुमच्या ठिकाणी सिमेंट किंवा बेंटोनाइटच भरलेलं बरं, तेही तळापर्यंत पाइप सोडून. जिल्ह्याच्या भूजल सर्वेक्षण ऑफिसमधल्या भूवैज्ञानिकांना बोअरची खोली आणि पाणी किती फुटांवर लागलं होतं ते सांगा, बोअरवाल्याची जुनी पावती असेल तर ती सोबत न्या. तोपर्यंत तोंडावर लोखंडी प्लेट वेल्डिंग करून घ्या, आजच.