'वैऱ्यांवर प्रीती करा' मधला वैरी नक्की कोण?

प्रश्न असा आलाय की मराठी बायबलात मत्तयच्या पाचव्या अध्यायात 'तुम्ही आपल्या वैऱ्यांवर प्रीती करा' असं आहे, 'शत्रूंवर प्रेम करा' असं नाही, तर हे मुद्दाम केलंय का. त्याला जोडून असंही की कोणीतरी तुम्हाला ठासून सांगितलंय, वैरी म्हणजे भाऊबंदकीतला, बांधावरून भांडणारा, ओळखीचा माणूस आणि शत्रू म्हणजे देशाचा, सीमेपलीकडचा, त्यामुळे येशूची ही आज्ञा घरगुती भांडणापुरती आहे, युद्धाला ती लागूच नाही. आणि लेख लिहिताय म्हणून शेवटी हेही विचारलंय की ख्रिस्ती धर्मात युद्ध निषिद्ध आहे का, की 'धर्मयुद्ध' (इंग्रजीतलं 'जस्ट वॉर') चालतं.

थोडक्यात उत्तर, मराठीत फरक आहे पण किरकोळ, आणि त्याच्यावर एवढा इमला उभा राहत नाही. आता सविस्तर.

आधी आपली मराठी. बातम्यांत 'शत्रूचं विमान पाडलं' असतं, 'वैऱ्याचं विमान' असं कोणी म्हणणार नाही. उलट 'अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये' ह्यात शत्रू घालून बघा, वाक्य कसंतरीच होतं. म्हणजे वैरी हा शब्द जरा जवळच्या माणसाचा आहे हे मान्य. पण मग 'रात्र वैऱ्याची आहे, जागा रहा' ह्याचं काय करायचं? तिथला वैरी बांधावरचा चुलतभाऊ नाही, तो फौजफाटा घेऊन चालून येणाराच आहे, आणि हे वाक्य पहारेकऱ्याच्या तोंडचं आहे. शिवाय वैर हा शब्द संस्कृतात वीर वरून आलाय, आणि वेदकाळात 'वैरदेय' म्हणून एक शब्द होता, माणूस मारला तर त्याबद्दल द्यायची भरपाई. म्हणजे मुळात हा रक्तपाताशी जोडलेला शब्द आहे, रुसव्याफुगव्याचा नाही.

आणि भाषांतरकारांनी तरी हा फरक पाळलाय का? नाही पाळला. मत्तयमधे मूळ ग्रीक शब्द आहे एख्थ्रॉस. हाच शब्द पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आलाय आणि तिथे मराठीत 'तुझा शत्रू भुकेला असल्यास त्याला खायला दे' असं आहे. करिंथकरांस पहिल्या पत्रात मृत्यूला 'शेवटला शत्रू' म्हटलंय, तोही एख्थ्रॉसच. एकाच शब्दाला कुठे वैरी कुठे शत्रू, कानाला जे बरं वाटलं ते घेतलंय, त्यात सिद्धांत शोधायला जाऊ नये.

आता गंमत अशी की तुम्हाला जे सांगितलं गेलं ते मराठीतलं संशोधन नाहीये, तो युक्तिवाद जर्मनीतून फिरत फिरत आलाय. कार्ल श्मिट नावाचा एक जर्मन कायदेपंडित होता, 1933 मधे नाझी पक्षात गेला तोच. त्याने 1932 च्या पुस्तकात लिहिलं की लॅटिन बायबलात 'इनिमिकुस'वर प्रीती करा असं आहे, 'होस्टिस'वर करा असं नाही. इनिमिकुस म्हणजे खाजगी वैरी, होस्टिस म्हणजे ज्याच्याशी राज्याचं युद्ध चालू आहे तो. ग्रीकमधे तसंच एख्थ्रॉस आणि पोलेमिऑस. ख्रिस्ती आणि मुसलमान शेकडो वर्षं लढले पण प्रीतीपोटी युरोप तुर्कांच्या हवाली करावा असं कुठल्या ख्रिस्ती माणसाच्या डोक्यात आलं नाही, असंही तो पुढे म्हणतो. वाचायला एकदम चोख वाटतं. वकील हुशार आहे, पण पक्षकाराची बाजू पडकी आहे.

कारण पोलेमिऑस हा शब्द नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूनंतर लिहिलेल्या भागात, कुठेच नाही, एकदाही नाही. मग 'पोलेमिऑस न म्हणता एख्थ्रॉस म्हटलं' ह्याला वजन काय राहिलं? जो शब्द लेखक कधी वापरतच नाही तो इथे वापरला नाही म्हणून त्याच्यातून अर्थ काढायचा म्हणजे फारच झालं. त्यात ह्या लेखकांच्या कानात जी ग्रीक होती ती प्लेटोची नव्हती, ती सेप्टुआजिंटची होती, म्हणजे हिब्रू शास्त्राचं जे ग्रीक भाषांतर येशूच्या आधीच झालेलं होतं त्याची. तिथे 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात 'तू आपल्या शत्रूंशी लढायला निघशील तेव्हा' अशी सुरुवात आहे, पुढे घोडे रथ सैन्य सगळं आहे, अगदी रीतसर लढाई, आणि शब्द कोणता तर एख्थ्रॉस. नव्या करारात लूकच्या शुभवर्तमानाच्या एकोणिसाव्या अध्यायात येशू यरुशलेम बघून रडतो आणि म्हणतो की तुझे शत्रू तुला वेढा घालतील. वेढा घालणारा शेजारी कोणी पाहिलाय का! इ.स. 70 मधे रोमन फौजांनी शहर पाडलं, बहुतेक वाचक हे वाक्य त्याच्याशीच जोडतात. इथेही एख्थ्रॉस, आणि श्मिटसाहेबांच्या लाडक्या लॅटिन बायबलात इथे 'इनिमिकुस'च आहे. झालं, तिथेच तो मुद्दा संपतो खरं तर.

पण मला ह्याहून भारी पुरावा मराठी बायबलातच दिसतो आणि तो लोकांच्या नजरेतून निसटतो. वैऱ्यांचं वचन आहे 44 वं. त्याच्या तीनच वचनं आधी, 41 मधे, आहे की 'जो कोणी तुला वेठीस धरून एक कोस नेईल त्याच्याबरोबर दोन कोस जा'. वेठ! वेठबिगारीतली वेठ. आपल्याकडे ज्यांच्या पणजोबांनी साहेबाचं नाहीतर जमीनदाराचं सामान फुकट वाहिलंय त्यांना हा शब्द वेगळा समजवायला नको. मुळातला ग्रीक शब्द सरकारी वेठीचाच आहे, आणि तो पुढे परत येतो, रोमन शिपाई येशूला क्रुसावर द्यायला नेतात तेव्हा कुरेनेकर शिमोनाला वाटेत धरून त्याच्यावर क्रूस लादतात ना, तिथे. म्हणजे येशूचं हे प्रवचन डोंगरावर बसून ऐकणाऱ्या गालील प्रांतातल्या माणसाच्या डोळ्यासमोर 'एक कोस नेणारा' कोण असेल? बाहेरची सत्ता आणि तिचा हत्यारबंद माणूस. तीन ओळींनंतर वैऱ्यांचं नाव निघाल्यावर त्याने हा माणूस वगळून फक्त विहिरीवर भांडणारा शेजारी आठवायचा, हे कसं शक्य आहे?

एक छोटं विषयांतर, राहवत नाही म्हणून. सीरियाक भाषेतलं जे जुनं बायबल आहे, पेशित्ता, ती भाषा येशूच्या अरामीच्या घरातली, त्यात ह्या वैऱ्याला जो शब्द आहे तो प्राचीन इराकातल्या अक्कादी भाषेतल्या 'बेल दबाबी' वरून आलाय, आणि त्याचा मूळ अर्थ कज्ज्यातला प्रतिपक्ष. आता आपला 'दावा' बघा. दावा म्हणजे कोर्टातला, आणि दावा म्हणजे वैर सुद्धा, 'दावा साधला' म्हणतो ना आपण. जुन्या मराठीत दावेदार म्हणजे वैरी असा अर्थ होता, हल्ली तो फक्त मुख्यमंत्रिपदाचा असतो. दोन्ही शब्दांची मुळं वेगवेगळी आहेत, पण माणसं सगळीकडे आधी कज्जा करतात आणि मग गळा धरतात एवढं कळतं.

बरं, मग ख्रिस्ती धर्मात युद्ध निषिद्ध आहे का, हा तुमचा खरा प्रश्न. तर शब्दाने ते ठरत नाही, आणि चर्चनेही ते शब्दाने ठरवलेलं नाही. पहिली दोन-तीन शतकं बरेच मोठे ख्रिस्ती लेखक सैन्याच्या विरोधात आहेत, त्यांतला तर्तुलियन म्हणतो की प्रभूने आपला शिष्य पेत्र ह्याची तलवार खाली ठेवायला लावली तेव्हाच प्रत्येक शिपायाचा कमरपट्टा सुटला, म्हणजे शिपाईगिरी संपली. तरीही ख्रिस्ती लोक सैन्यात होतेच. इ.स. 295 चा एक खटला आहे, आजच्या अल्जीरियातल्या तेबेसाचा. माक्सिमिलियान नावाचा 21 वर्षांचा पोरगा भरतीसाठी आणलाय. अधिकारी म्हणतो उंची मोजा, मोजतात, तो आपला एकच घोषा लावून बसलाय की मी ख्रिस्ती आहे, मला शिपाईगिरी चालत नाही. गळ्यात शिशाचा बिल्ला घालायला जातात तर म्हणतो घातलात तर तोडून टाकीन. अधिकारी त्याला सांगतो अरे बादशहांच्या खास पथकात ख्रिस्ती शिपाई आहेत की, ते नोकरी करतातच ना. ह्याचं उत्तर, त्यांचं त्यांना माहीत, मी ख्रिस्ती आहे आणि मला वाईट करता येत नाही. त्याला मारलं. मला ह्यात तो मुलगा जेवढा आठवतो तेवढाच तो अधिकारीही, कारण त्याच्या तोंडून कळतं की दोन्ही प्रकारचे ख्रिस्ती तेव्हाही होते.

पुढे रोमन बादशहाच ख्रिस्ती झाला आणि प्रश्न उलटा फिरला, आता राज्य आपलं, मग सीमेवर कोण उभं राहणार? ऑगस्टीन ह्या बिशपने ह्याला जे उत्तर दिलं तेच पश्चिमेत पुढे हजार वर्षं चाललं. तो वक्तृत्वाचा मास्तर, लॅटिनच्या कसरती त्याला कोणी शिकवायला नकोत, पण बोनिफेस नावाच्या सेनापतीला पत्र लिहिताना 'समोरचा होस्टिस आहे, त्याला प्रीती लागू नाही' अशी पळवाट त्याने काढली नाही. त्याने सांगितलं की लढणाऱ्या शत्रूला मारावं लागलं तर गरज मारू दे, तुझी इच्छा नको, आणि लढतानाही शांतता हाच हेतू ठेव. म्हणजे प्रीती सगळ्यांना लागू, पण ती मनात, हातात तलवार. हे पटतं का? मला पूर्ण नाही पटत, मनात प्रीती ठेवून भोसकलेल्या माणसाला त्या प्रीतीचा काय उपयोग, पण निदान अडचण आहे हे तो कबूल करतो, श्मिटसारखी शब्दकोशाखाली ढकलत नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस ह्या धर्मपंडिताने युद्ध न्याय्य ठरायला अधिकृत सत्ता, न्याय्य कारण आणि योग्य हेतू अशा तीन अटी घातल्या, आणि बघण्यासारखं म्हणजे युद्धाचा प्रश्न त्याने आपल्या ग्रंथात घेतलाय तो प्रीतीच्या प्रकरणात.

दुसरी बाजू मरून गेली नव्हती. 1527 मधे स्वित्झर्लंडकडच्या अॅनाबॅप्टिस्ट लोकांनी, म्हणजे मोठेपणी समजून बाप्तिस्मा घेणाऱ्या पंथाने, लिहून ठेवलं की तलवार देवाने नेमलेली असेल, पण ती ख्रिस्ताच्या परिपूर्णतेच्या बाहेर आहे. मेनोनाइट, क्वेकर, ब्रदरेन ही मंडळी त्याच बाजूची, सैन्यात न जाणारी. ह्यातल्या ब्रदरेनांचं मिशन आपल्याकडे वलसाड-डहाणू पट्ट्यात होतं, 1970 मधे ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झालं. आणि 2020 मधे पोप फ्रान्सिस ह्यांनीही लिहिलं की आजच्या काळात न्याय्य युद्धाचे जुने निकष लावणं फार अवघड झालंय.

आता राहिली प्रीती. आजच्या कानाला प्रीती म्हणजे भावगीतातली, चांदणं वगैरे. ख्रिस्ती मराठीत मात्र हा शब्द 'अगापे' ह्या ग्रीक शब्दासाठी ठरून गेलाय, 'प्रीती सहनशील आहे, परोपकारी आहे' हे लग्नात वाचलं जातं तेही त्यातलंच. नव्या सोप्या भाषांतरांत 'प्रेम करा' असंही छापतात, त्यात चूक काही नाही. फक्त 'करा'कडे लक्ष द्या. 'वैरी आवडू द्या' असं म्हटलेलं नाही. मार्टिन ल्यूथर किंगने 1957 मधे अमेरिकेतल्या माँटगोमरीच्या चर्चमधे ह्याच वचनावर प्रवचन दिलं, त्यात तो हेच म्हणाला की आवडणं वेगळं आणि प्रीती वेगळी, आपल्याशी वाईट वागणारे बरेच लोक आवडणं अवघडच आहे.

करणं म्हणजे कसं, तर 1569 मधला हॉलंडचा डर्क विलेम्स. अॅनाबॅप्टिस्ट म्हणून कैदेत होता, फडक्यांना गाठी मारून दोर केला आणि पळाला, थंडीचे दिवस, पाणी गोठलेलं. तुरुंगातल्या जेवणाने वाळून काटकी झालेला म्हणून बर्फाने त्याचं वजन पेललं. मागे लागलेला शिपाई मात्र बर्फ फुटून आत गेला. डर्क पलीकडे पोचला होता, पळत सुटला असता तर वाचला असता. तो परत फिरला आणि त्या माणसाला ओढून बाहेर काढलं. शिपाई म्हणत होता ह्याला सोडू या, पण नगराध्यक्षाने त्याला त्याची शपथ आठवून दिली, मग त्यानेच डर्कला धरलं, आणि मे महिन्यात डर्कला जाळलं. आता हा शिपाई इनिमिकुस का होस्टिस? सरकारी माणूस, हुकमाने आलेला, वैयक्तिक वैर काडीचं नाही. श्मिटच्या हिशोबाने प्रीती लागूच व्हायला नको.

शेवटी, न विचारलेलं एक सांगतो कारण तुमच्या प्रश्नातच तो शब्द आलाय. 'जस्ट वॉर'ला धर्मयुद्ध लिहू नका. धर्मयुद्ध म्हणजे आपल्याकडे नियमाने लढलेलं युद्ध, आणि वर्तमानपत्रं तोच शब्द क्रूसेडलाही लावतात नि जिहादलाही, एका शब्दात तीन भलतेच अर्थ. न्याय्य युद्ध लिहा. क्रूसेडला क्रूसेडच ठेवा. सैन्यात जायला नकार देणाऱ्यांना शांततावादी म्हणा, 'शांतताप्रिय' नको, शांतताप्रिय तर सगळेच सेनापती असतात, भाषणात. आणि वैरी का शत्रू म्हणाल तर लेखात खुशाल शत्रू लिहा, वचन जसंच्या तसं देत असाल तेव्हा मात्र वैरीच ठेवा, छापलंय तसं.