वाचक विचारतात: माळावरचा मुक्काम आणि चिमुकले पक्षी

प्रश्न: डिसेंबरात माळावर दोन रात्री तंबू टाकून राहिलो. 150-600 मिमीची लांब लेन्स, ट्रायपॉड आणि शटर 1/2000 सेकंद, तरीही कवड्या गप्पीदास या चिमुकल्या पक्ष्याचे सगळे फोटो पाण्यातून काढल्यासारखे आले. लेन्स सदोष असेल का? (लातूर)

उत्तर: बहुधा लेन्स ठीक आहे, दोष उन्हाचा. तुम्ही वेळ लिहिलेली नाही, पण हे फोटो दहा-साडेदहानंतरचे असावेत. आपली काळी माती उन्हात भराभर तापते. तिच्यावरची गरम हवा वर चढते, थंड हवा खाली येते आणि त्यातून येणारा प्रकाश वाकडातिकडा होतो. डांबरी रस्त्यावर मृगजळ दिसतं ना, तोच प्रकार. शटर कितीही वाढवलं तरी तो क्षणच वाकलेला टिपला जातो, म्हणून इथे वेग कामाचा नाही. लांब लेन्समध्ये हे जास्त जाणवतं, कारण आपण पक्ष्यापर्यंतची सगळी तापलेली हवा मोठी करून बघत असतो.

खात्री अशी करा: मागच्या पडद्यावर लाइव्ह व्ह्यू लावून दृश्य दहापट मोठं करा. पक्षी बसलेल्या काटकीची कड उकळत्या पाण्यासारखी हलत असेल तर कॅमेरा खाली ठेवा आणि चहा टाका.

उपाय दोन. फोटोचं काम नऊच्या आत उरका, आणि अंतर 15 मीटरच्या आत आणा. गप्पीदास एकाच काठीवरून खाली झेप घेतो, किडा उचलतो आणि फिरून बहुतेक वेळा त्याच काठीवर येतो. त्यामुळे पक्ष्यामागे धावू नका, काठी निवडून तिच्याजवळ आधीच बसा. नांगरलेल्या उघड्या रानावरून नेम धरण्यापेक्षा उभ्या ज्वारीवरून किंवा गवतावरून धरलेला बरा.

एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. थंडीत पहाटे तंबूच्या खिडकीतून फोटो काढला तर आतली उबदार हवा लेन्ससमोरूनच बाहेर पडते आणि फोटोत तोच धूसरपणा येतो. दोन्ही बाजूंची दारं थोडा वेळ उघडी ठेवून तंबू गार होऊ द्या, किंवा सरळ बाहेर घोंगडी टाकून बसा.

प्रश्न: तंबूचं तोंड कुठे करावं? शिवाय पहाटे लेन्सवर धुरकं धरतं. (परभणी)

उत्तर: सकाळच्या कामासाठी दार पश्चिमेकडे ठेवा आणि समोर बोरी-बाभळीचं झुडूप येऊ द्या. सूर्य पाठीशी राहतो. थंडीत वारा बहुधा पूर्व-ईशान्येकडून असतो, म्हणजे तोही पाठीमागून. पक्षी फांदीवर बसताना वाऱ्याकडे तोंड करतात, त्यामुळे चेहरा आपसूक तुमच्याकडे येतो.

काळ्या मातीत ओल असेल तर साधे खुंटे रात्री ढिले पडतात; फूटभर लांबीचे घ्या आणि डोकं तंबूपासून दूर झुकेल असे तिरपे ठोका. भेगाळलेल्या रानात खुंटा भेगेपासून हातभर लांब. ओढ्याच्या पात्रात तंबू नको. अभयारण्याच्या हद्दीत, मग ते गौताळा असो की येडशी-रामलिंग, वन विभागाच्या परवानगीशिवाय मुक्काम करू नका. बाहेर कुणाच्या वावरात किंवा आखाड्याजवळ राहणार असाल तर मालकाला आधी विचारा. बूट घालण्याआधी झटकायचे, हे आपल्याकडे सांगायला नको.

धुरक्याचं कारण तुमचा श्वास. बाहेर गार झालेला कॅमेरा दमट, उबदार तंबूत आणला की काचेवर पाणी धरतं. म्हणून आत आणण्याआधी तो पिशवीत घालून चेन लावा आणि अर्धा तास उघडू नका. उघड्या आभाळाखाली लेन्सवर दव पडतं, तेव्हा हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची नळी, लावलेलाच राहू द्या. पडलंच तर कोरड्या कापडाने नुसतं टिपून घ्या, घासू नका. काचेवर माळाची धूळ असते.

प्रश्न: वटवट्या हा छोटा पक्षी दाट बोरीत असतो, फोकस दरवेळी पुढच्या काट्यावर बसतो. (भूम)

उत्तर: फोकसचा एकच बिंदू निवडा, पूर्ण चौकट नको. डोळा ओळखणारी सोय असली तरी काट्यांच्या जाळीत ती गोंधळते. फोकस शटरच्या बटणावरून काढून कॅमेऱ्याच्या मागच्या बटणावर द्या. एकदा डोळा सापडला की बोट उचला, मग मध्ये काटा आला तरी फोकस पळत नाही. 400 मिमी लेन्स, एफ/5.6 (लेन्सचं छिद्र; आकडा वाढला की छिद्र लहान) आणि 6 मीटर अंतर असेल तर एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरवर स्पष्ट दिसणारी खोली जेमतेम 5 सेंटीमीटर असते. राखी वटवट्या 13 सेंटीमीटरचा. तो तिरपा बसला तर चोच स्पष्ट आणि शेपूट धूसर होणारच. तो पूर्ण आडवा होईपर्यंत थांबा, किंवा एफ/8 करा आणि आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) वाढू द्या. शटर 1/1000 च्या खाली नको, शेपूट सतत हलत असते.

आतल्या फांदीवर वेळ घालवू नका. गाताना तो झुडपाच्या किंवा तुरीच्या शेंड्यावर येतो, तिथेच नेम धरून ठेवा. मागे उजळ आभाळ आलं तर एक्स्पोजर +1 करून फोटो उजळ करा, नाहीतर पक्ष्याचा काळा ठिपका होईल. कॅमेरा टेकवायला कापडी पिशवीत दोन किलो ज्वारी भरून घ्या. ट्रायपॉडपेक्षा जमिनीलगत बसता येतं. मुक्काम संपला की ती पिशवी मोकळी करा, दव लागलेल्या ज्वारीला कीड लागते.

प्रश्न: मोबाइलवर आवाज वाजवून शिंजीर हा फुलांतला रस पिणारा छोटा पक्षी जवळ बोलावला तर चालेल? घरट्याचे फोटो? (बीड)

उत्तर: नाही. नर दुसरा नर आला समजून अंगावर धावतो, आणि त्याचा चारापाण्याचा वेळ त्यात जातो. घरट्यासमोरची पानं बाजूला केली की पिलांवर थेट ऊन येतं आणि कावळ्याला वाट दिसते. उन्हाळ्यात पक्षी जवळ हवेत तर पाणी ठेवा: पसरट परातीत दोन बोटं पाणी, मध्ये एक दगड, काठाशी कोरडी काटकी. वर टांगलेल्या बाटलीतून थेंब पडत राहिला तर पक्षी लवकर हेरतात. पाणी रोज बदला, आणि तुम्ही गेल्यावर ते कोण भरणार हे आधी शेतकऱ्याशी बोलून घ्या. परात तंबूपासून दहा-पंधरा पावलांवर, बोरीच्या सावलीच्या कडेला असावी.