पॉइंट्सवाली टाइमशेअर मेंबरशिप घ्यायचा विचार आहे, साधारण किती पॉइंट्स घ्यावेत? कंपनीवाले म्हणतात पुढे मुलांच्या नावावरही करता येते.

टाइमशेअर म्हणजे रिसॉर्टमधली खोली दरवर्षी काही दिवस वापरायचा हक्क आधीच विकत घेऊन ठेवायचा, आणि पॉइंट्सवाल्यात तो हक्क पॉइंट्समध्ये मोजतात. किती पॉइंट्स ते खाली कुठेतरी येईल, ते सोपं आहे. पण "पुढे मुलांच्या नावावर" हे वाचलं आणि राहवलं नाही, कारण याच एका वाक्यावरून माझं आणि माझ्या साडूंचं वाजलंय आणि अजून धड बोलणं नाही.

मुलांच्या नावावर होतं, खोटं नाहीये ते. पण होतं काय? पॉइंट्स होतात आणि त्यांच्या मागोमाग दरवर्षीचं मेंटेनन्स होतं. तुम्ही फिरायला जा नाहीतर घरी बसा, आजारी असा, नोकरी गेलेली असो, बिल येणार. त्यात रिसॉर्टचा विमा, कर, साफसफाई, स्टाफचे पगार, पुढे कधी छप्पर नि लिफ्ट बदलावी लागेल त्याचा फंड, सगळं आलं, आणि आकडा वर्षागणिक वर सरकतो. वादळात इमारतीचं नुकसान झालं आणि विम्यात भागलं नाही तर स्पेशल असेसमेंट म्हणून जादा वर्गणी वेगळी. आणि कित्येक करारांना शेवटची तारीखच नसते. सेल्सवाले हेच "पिढ्यान्‌पिढ्या तुमचं" असं गोड करून सांगतात.

आता साडूंचं ऐका. दोन्ही कुटुंबं मिळून सुट्टीवर गेलो होतो, तिथे काउंटरवरच्या मुलाने सांगितलं की दीड तासाचं प्रेझेंटेशन आहे, बसलात तर गिफ्ट व्हाउचर मिळेल. साडू म्हणाले फुकट आहे, बसू की. दीड तास म्हणता म्हणता अख्खी दुपार गेली. एका बाईंनी कागदावर हिशोब मांडला, पुढची तीस वर्षं तुम्ही हॉटेलांवर इतके घालवणार, ते सगळे पाण्यात, आणि इकडे हे बघा तुमच्या मालकीचं. मी विचारलं यात मेंटेनन्सची ओळ कुठे आहे, तर म्हणे ते नाममात्र असतं. मी म्हटलं करार द्या, रात्री वाचतो, उद्या सांगतो. लगेच मॅनेजर आला, हा रेट फक्त आत्ताचा, या खोलीतून बाहेर पडलात की गेला. मी उठलोच. जो भाव उद्या सकाळपर्यंत टिकत नाही तो भावच नव्हे. बायकोने शर्ट ओढून खाली बसवलं, सगळ्यांसमोर काय हे. भीड ही भिकेची बहीण म्हणतात ते अशा खोल्यांसाठीच. साडूंनी सही केली, कंपनीच्याच लोनवर केली (त्याचं व्याज नंतर बघितलं, क्रेडिट कार्डाच्या पंगतीला बसणारं होतं), आणि सही झाल्यावर तिथल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाहेर आल्यावर बायकोच्या मोठ्या बहिणीने, आम्ही ताईच म्हणतो त्यांना, मला सुनावलं, "तुम्हाला दुसऱ्याचं चांगलं झालेलं बघवतच नाही."

बरं. पहिल्या वर्षी बुकिंग करायला बसले तेव्हा कळलं की जे "दोन बेडरूम, दोन आठवडे" दाखवले होते ते ऑफ-सीझनचे, त्यातही वीकएंड सोडून. मुलांच्या शाळेच्या सुट्टीत त्याच खोलीला जवळपास दुप्पट पॉइंट्स, आणि पॉइंट्स असले तरी खोली शिल्लक नाही. तक्रार केली तर "मेंबर अपडेट" नावाच्या मीटिंगला बोलावलं. तिथे काय झालं असेल सांगा. अजून पॉइंट्स घेतले, वरच्या लेव्हलला गेले! अपडेट वगैरे काही नसतं हो, ते दुसरं प्रेझेंटेशन असतं, आणि ज्याने एकदा सही केली तो दुसऱ्यांदा करतो हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

इथे पॉइंट्स म्हणजे काय तेवढं सांगतो, बाकी तुम्ही वाचलंच असेल. जुन्या टाइमशेअरमध्ये रिसॉर्ट ठरलेलं, खोली ठरलेली, आठवडा ठरलेला. कंटाळवाणं, पण आपण काय घेतलंय ते माहीत. दुसरीकडे जायचं तर अदलाबदल करून देणाऱ्या आरसीआय (१९७४) आणि इंटरव्हल इंटरनॅशनल (१९७६) सारख्या कंपन्या, त्यांची फी वेगळी. पॉइंट्सची कल्पनाही तशी जुनी, स्वित्झर्लंडची हापिमाग १९६३ पासूनची, डिस्नेचा व्हेकेशन क्लब १९९१ ला आला, मॅरियटने २०१० मध्ये आठवडे सोडून पॉइंट्स विकायला घेतले. कधीही जा, कुठेही जा, लहान खोली घ्या, मोठी घ्या, ही सोय खरी आहे, मी नाकारत नाही. पण कुठल्या खोलीला कुठल्या रात्री किती पॉइंट्स लागतील तो तक्ता बनवतं कोण? कंपनी. वजनंमापं दुकानदाराने घरी बनवावीत आणि दरवर्षी नवीन काढावीत, तसला प्रकार. तुमचे पॉइंट्स तेवढेच राहतात, खोली महाग होते.

सगळीकडे असं मोकाट नसतं हेही सांगायला पाहिजे. डिस्नेच्या क्लबात एका रिसॉर्टचे वर्षाचे एकूण पॉइंट्स बांधलेले असतात, एका रात्रीचे वाढवले तर दुसऱ्या कुठल्यातरी रात्रीचे कमी करावे लागतात. शिवाय तिथल्या करारांना शेवटची तारीख असते, जुन्या बऱ्याच रिसॉर्टांची ३१ जानेवारी २०४२. हे दोनच प्रश्न तुमच्या कंपनीला विचारा, एकूण पॉइंट्स बांधलेले आहेत का आणि करार संपतो कधी. तोंडी उत्तर चालणार नाही, कलम कुठलं ते दाखवायला लावा. करारातच बहुतेक लिहिलेलं असतं की तोंडी सांगितलेलं काहीही धरलं जाणार नाही, तिथे सही केल्यावर त्या गोड बाई काय म्हणाल्या होत्या याला शून्य किंमत.

तर मुलांच्या नावावर. माझ्या मुलीचं लग्न ठरलं तेव्हा साडूंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं की आमची मेंबरशिप आम्ही हिच्या नावावर करतोय, आमच्याकडून भेट. सगळे खूश, ताईंच्या डोळ्यात पाणी, मुलगीही हरखली. मी म्हटलं मागच्या वर्षीचं मेंटेनन्सचं बिल बघायला मिळेल का. झालं! "भेटीचं बिल मागता?" हो, मागतो, कारण या भेटीला बिल आहे म्हणूनच मागतो. पुढचे कित्येक दिवस बायको माझ्याशी हो-नाहीपुरतं बोलत होती. शेवटी मुलीनेच मावशीकडून बिल मागवून घेतलं आणि आम्ही बसून हिशोब केला. वर्षाचं मेंटेनन्स भागिले त्या पॉइंट्सवर सुट्टीच्या दिवसांत मिळणाऱ्या रात्री. मग तेच रिसॉर्ट, तीच खोली, त्याच तारखा साध्या बुकिंग साइटवर. साइटवरची खोली स्वस्त निघाली. नुसत्या मेंटेनन्सपेक्षा स्वस्त, म्हणजे पॉइंट्स घ्यायला जे मोजले ते आणि त्यावरचं व्याज यात धरलेलंच नाही.

साडूंना दाखवलं तर म्हणाले आठवणींना किंमत नसते. अहो, आठवणी बुकिंग साइटवरून घेतलेल्या खोलीतही तयार होतात!

मुलीने सही केली नाही. हे लक्षात ठेवा, नावावर करून घ्यायला घेणाऱ्याची सही लागते, कोणी प्रेमाने गळ्यात घातलं म्हणून ते आपोआप तुमचं होत नाही. मृत्युपत्रात लिहून ठेवलं तरी बऱ्याच देशांत वारसाला नाकारता येतं, पण लेखी, ठरलेल्या मुदतीत, आणि मधल्या काळात ते पॉइंट्स वापरून सुट्टीला जाऊन आलात तर पुढे नाकारणं अवघड होतं. काही देशांत तर एवढंच वेगळं नाकारता येत नाही, नाकारायचं तर अख्खी इस्टेट नाकारा. स्पेनने १९९८ च्या कायद्यात अशा करारांना ५० वर्षांची मर्यादा घातली आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ पासून त्यापलीकडचे, बिनमुदतीचे करार रद्दबातल धरले. पिढ्यान्‌पिढ्या हा एवढा मोठा फायदा असता तर तो कायद्याने बंद करायची वेळ का आली असती?

नंतर असंही कानावर आलं की भेटीची टूम निघायच्या आधी साडूंनी ती मेंबरशिप विकायला काढली होती आणि गिऱ्हाईक मिळालं नव्हतं. तरी मी त्यांना लबाड म्हणणार नाही, त्यांना मनापासून वाटत होतं की आपण काहीतरी मोलाचं देतोय. पण गिऱ्हाईक का मिळालं नाही हे तुम्हाला कळायला पाहिजे. नवीन पॉइंट्सच्या किमतीत मोठा वाटा प्रेझेंटेशनं, व्हाउचरं आणि कमिशनचा असतो, तो सही केल्या क्षणी उडून जातो. सेकंडहँड बाजारात लोक अक्षरशः फुकट द्यायला बसलेत, फक्त मेंटेनन्सपासून सोडवा म्हणतात. म्हणून हौस असेलच तर सेकंडहँड घ्या. त्यातही मेख असते, कंपन्या सेकंडहँड पॉइंट्सचे हक्क कापतात. डिस्नेने १९ जानेवारी २०१९ पासून असा नियम केला की जुन्या रिसॉर्टांचे सेकंडहँड पॉइंट्स रिव्हिएरासारख्या नव्या रिसॉर्टांत चालणार नाहीत. तेव्हा काय चालतं, काय नाही, लेखी घ्या. आणि त्याच्याही आधी एखाद्या मेंबरकडून एका सुट्टीपुरते पॉइंट्स भाड्याने घेऊन बघा, बरेच जण देतात.

किती पॉइंट्स, हा तुमचा मूळ प्रश्न. यंदाचा पूर्ण तक्ता मागा, सेल्सवाल्याने निवडलेलं पान नको. तुम्ही खरोखर ज्या आठवड्यात जाता तो आठवडा आणि तुम्हाला लागते ती खोली बघा, तेवढे पॉइंट्स, वर एकही नाही. खरं तर थोडे कमीच घ्या, कारण बऱ्याच ठिकाणी यंदाचे पुढच्या वर्षात ढकलता येतात आणि पुढचे उसने घेता येतात. ढकलायची तारीख चुकली तर मात्र मेले ते. आणि किती महिने आधी बुकिंग उघडतं ते बघा, डिस्नेत आपल्या होम रिसॉर्टचं (म्हणजे ज्या रिसॉर्टचे पॉइंट्स घेतलेत त्याचं) ११ महिने आधी आणि बाकीच्यांचं ७ महिने आधी उघडतं. तुमच्या ऑफिसात अकरा महिने आधी रजा मंजूर होते का? होत नसेल तर उत्तर शून्य पॉइंट्स.

सही करून बसला असाल तर हे उत्तर शेवटपर्यंत नंतर वाचा, आधी रद्द करायची मुदत मोजा. युरोपियन युनियनमध्ये १४ दिवस आहे आणि त्या दिवसांत तुमच्याकडून पैसे घ्यायलाच बंदी आहे, फ्लोरिडात १० दिवस, नेवाडात ५. करारात लिहिलंय त्याच पद्धतीने लेखी पाठवा आणि पाठवल्याचा पुरावा ठेवा. फोन करून कळवलं याला अर्थ नाही, फोनवर ते तुम्हाला समजावत बसतात आणि मुदत निघून जाते. मुदत गेली असेल आणि कुणी फोन करून म्हणालं की गिऱ्हाईक तयार आहे, फक्त फी आधी भरा, तर फोन ठेवून द्या. अमेरिकेच्या ट्रेझरी खात्याने २०२३ मध्ये मेक्सिकोतल्या ज्या कंपन्यांवर निर्बंध घातले त्या टाइमशेअरवाल्या म्हाताऱ्या लोकांना असंच लुबाडत होत्या आणि मागे हालिस्कोचं ड्रग कार्टेल होतं. एकदा फसलेल्यांची यादी अशी हातोहात फिरते.

आता लोक म्हणतील एकतर्फी लिहिलंय. असेल. बायकोच्या एका मैत्रिणीकडे आहे, सेकंडहँड, कर्ज न काढता घेतलेली, दरवर्षी त्याच रिसॉर्टला त्याच महिन्यात सगळं खानदान घेऊन जातात, किचनवाली मोठी जागा लागते त्यांना, आणि खूश आहेत. असे लोक असतात. पण त्या प्रेझेंटेशनच्या खोलीत बसून सही करणारे ते नसतात.

साडूभाऊ, हे तुमच्यापर्यंत पोचणारच आहे म्हणून सांगतो, तुमचं लोन फिटलंय. बऱ्याच कंपन्या आता मेंबरशिप परत घेतात, जाहिरात करत नाहीत एवढंच, सेल्सला विचारू नका, मेंबर सर्व्हिसला लेखी विचारा. पत्र पाहिजे तर मी लिहून देतो. थकबाकी असली की अर्ज बघतही नाहीत, तेव्हा यंदाचं मेंटेनन्स आधी भरा आणि पावती सोबत लावा.